ऊसतोड टोळीतलं बाळ, न्यूमोनिया आणि राहिलेला डोस (माझा अनुभव)

गेल्या सीझनला आमच्या रानात बीडकडची टोळी उतरली होती, करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचा ऊस आहे, तिथंच बांधाकडंला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. त्यातल्या एका जोडीचं बाळ पाच महिन्यांचं. आधी सर्दी, मग ताप, एका दवाखान्यात दाखवलं तर खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं. एका संध्याकाळी त्याची आई दारात, "ताई, लेकरू नीट पिईना झालंय, नुसती धाप लागलीय."

आमच्या गल्लीतच आशा ताई राहतात, त्यांना हाक मारली. त्यांनी बाळाचे श्वास कसे मोजले ते नीट सांगते कारण हे कुणालाही जमण्यासारखं आहे. बाळ रडत होतं तोवर मोजलं नाही. शांत झाल्यावर झबलं वर केलं, मोबाईलवर वेळ लावली आणि पोट वर आलं की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजलं. 64 आले. दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा त्याच्यावर गेलं की धोका, एक ते पाच वर्षांत 40, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60. शिवाय श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता, कोपीत चुलीच्या धुरात आणि बॅटरीच्या उजेडात ते कुणाला दिसणार, आमच्या सोप्यात ट्यूबखाली लगेच दिसलं. ताईंनी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी चमच्यात आईच्या दुधात विरघळवून थोडी थोडी पाजली आणि म्हणाल्या, आता इथं थांबायचं नाही, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं.

मुकादम म्हणत होता सकाळी बघू. त्याचंही कळतं, मजुरांनी आगाऊ उचल घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी बसली की तोड मागं पडते, पण न्यूमोनियाला सकाळ कळत नाही हो. 108 ला फोन केला आणि निघालो.

सीपीआरला बोटाला क्लिप लावली, ऑक्सिजन कमी होता. नाकात बारीक नळी, सुईतून अँटिबायोटिक सुरू. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली आणि त्यात सारखे बुडबुडे, मी विचारलं हे काय, तर तिथले डॉक्टर म्हणाले त्या बुडबुड्यांच्या दाबानं फुप्फुसं मिटत नाहीत. घरी येऊन वाचलं तर बांगलादेशातल्या डॉ. चिश्तींनी हेच शाम्पूच्या बाटलीवर करून दाखवलंय, 2015 ला त्यांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, महागडं व्हेंटिलेटर नाही तिथंही लेकरं वाचावीत म्हणून. वाचून मन भरून आलं. 2019 या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची 7 लाख 40 हजार मुलं न्यूमोनियानं गेली, आणि त्यावरची गोळी काही महाग नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

बाळ हळूहळू सावरलं, अंगावर प्यायला लागलं. पण खरी धावपळ पुढंच होती. डॉक्टरांनी लसीचं कार्ड मागितलं. कार्ड गावाकडं, पत्र्याच्या पेटीत! आजीला फोन लावला, तिनं शेजारच्या पोराकडून फोटो पाठवला, तेव्हा कळलं की दीड महिन्याचे आणि अडीच महिन्याचे डोस झालेत, साडेतीन महिन्याचे राहिले कारण तेव्हा टोळी गाव सोडून निघाली होती. न्यूमोकोकलची म्हणजे पीसीव्ही लस सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात बूस्टर अशी असते. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिच्यात हिब या जंतूवरची लस असते, तीही न्यूमोनियापासून वाचवते. पीसीव्ही 2017 पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली आणि 2021 ला देशभर झाली, पूर्ण फुकट. प्रायव्हेटमध्ये याच संरक्षणाला एका डोसचे हजारो रुपये जातात. आपल्या पुण्याच्या सिरमनं न्यूमोसिल नावानं ती इथंच बनवली, गरीब देशांना परवडावी म्हणून, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

उपकेंद्रात एकजण म्हणाल्या तुमचं नाव बीडला, डोस तिकडंच घ्या. मी हटले नाही. बाळ देशात कुठंही असो, डोस तिथंच मिळतो, आणि आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन यादीत नोंद बी होते. आशा ताईंनी वरच्या सिस्टरना फोन लावला, त्यांनी पुढच्या लसीकरणाच्या दिवशी या म्हणून सांगितलं. बाळ बरं झाल्यावर आई तोडीला न जाता त्याला घेऊन आली, त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून आम्ही घरातून दिली. डोस झाले, नवीन कार्ड मिळालं, त्यावर बूस्टरची तारीख मोठ्या अक्षरात लिहून घेतली कारण तोवर टोळी परत गेलेली असणार. उन्हाळ्यात फोन केला तेव्हा तिकडंच बूस्टर आणि गोवर-रुबेला दोन्ही झालं होतं.

यंदा दुसरी टोळी आलीय, त्यात वर्षाच्या आतली तीन लेकरं. आशा ताईंना घेऊन पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जाऊन आले. दोघांची कार्डं सोबत आहेत, तिसऱ्याचं गावाकडं राहिलंय, फोटो मागवलाय.