न कापलेली कोयनेल

कोयनेल तुम्ही शंभर टक्के पाहिलेली आहे, फक्त तिला कोयनेल म्हणतात हे माहीत नसेल. कुठल्याही सरकारी हापिसाच्या कंपाउंडला, रेस्ट हाऊसच्या समोर, कमरेएवढं सरळ कापलेलं हिरवंगार कुंपण असतं ना, गडद चकचकीत पानांचं, आणि माळी जरा जास्तच हौशी असला तर त्याचाच एखादा हत्ती नाहीतर मोर केलेला, तीच ती. आता तिचं फूल पाहिलं का असं कोणाला विचारा, समोरचा म्हणतो, "तिले फूल येते काय?"

येते ना बाप्पा. पण येतं ते नव्या फांदीवर, शेंड्याकडच्या पानांच्या बेचक्यात, आणि शेंडा तर दरवेळी कात्रीखाली जातो, मग दिसणार कुठून. आमच्याकडे कात्री चालवायला कोणाला टाइम नाही, सोयाबीन काढायची की झाड भादरायचं, म्हणून आमच्या सांदवाडीतली, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतली, कोयनेल माणसाच्या डोक्याच्या वर गेली आणि मस्त फुलते. पांढरं फूल, लांब बारीक नळी, वर पाच पाकळ्या, आणि त्यातून बाहेर आलेले जांभळट-लाल चार केसर, अगदी मांजराच्या मिशा. बहुतेक तीन-तीन फुलं सोबत. वास मंद, संध्याकाळी त्या बाजूनं गेलं तर लागतो, फुलपाखरं मात्र दिवसभर.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून अशी ८९४ गावं आहेत. प्यायचं पाणी शहानूर धरणाचं, नळानं येतं, ते झाडाला घालायची कोणाची हिंमत नाही. बोअरला पाणी आहे, पण खारं, आणि ते काळ्या मातीत सारखं ओतलं की त्यातला सोडियम मातीचे कण सुटे करतो, वर पांढरी खपली धरते, मग पाऊस पडला तरी पाणी खाली मुरत नाही. म्हणून इथं कापूस, तूर, हरभरा, जे पावसावर अन् ओलीवर येते तेच. गुलाब आणि लॉन हे ज्यांच्या नळाला गोडं पाणी जास्त आहे त्यांचे शौक.

आणि कोयनेल मुळात समुद्राची. कोकणात खाडीच्या काठाला, तिवराच्या मागच्या बाजूला आपोआप उगवते, तिकडं वनजाई म्हणतात, आणि आपल्या किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत आहे ती. फळ बुचासारखं हलकं असतं, वाळलं की चार तुकडे होतात, ते पाण्यावर तरंगत जातात आणि दुसऱ्या काठाला रुजतात. आमच्याकडे ते तुकडे मे महिन्यात जमिनीच्या भेगेत पडतात, त्यांना काय वाटत असेल कोणास ठाऊक. पण जे झाड खाऱ्या वाऱ्यात आणि खाऱ्या चिखलात वाढलं त्याला आमच्या बोअरचं काय कौतुक! पान जाड, वर मेणाचा थर, त्यामुळं ४५ डिग्रीतही हिरवंच दिसतं. इथं आधी समुद्र होता असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात, खरं-खोटं भूगर्भवाले जाणोत, कोयनेलला पटलेलं दिसते.

शेजारच्या काकाजींना मात्र ही बेशरम नावाच्या झुडपाची बहीण वाटते. "ना फळ खाता येते, ना बकरी तोंड लावते, कायले ठेवलं हे?" अहो काकाजी, बकरी तोंड लावत नाही म्हणूनच तर ठेवलं! पान कडूजहर असतं. आणि बेशरम आली दक्षिण अमेरिकेतून, हिचं गोत्र वेगळं. पूर्वी घाणेरीच्या कुळात धरायचे, आता शास्त्रज्ञांनी तुळशीच्या कुळात नेऊन बसवलं, सोबत निर्गुडी आणि मेळघाटातला सागवानही. तुळशीचे सोयरे म्हटल्यावर काकाजी थोडे नरमले, पण उपटून टाका म्हणायचं सोडलं नाही त्यांनी.

एक सांगतो, हिच्या भरवशावर शेत सोडू नका. रोही (नीलगाय) अन् डुक्कर हिनं अडत नाहीत, तिथं तार किंवा बाभळीच्या काट्यांची कुपाटीच पाहिजे. घराभोवती, सांदवाडीला मात्र एक नंबर, कुपाटी दरवर्षी नवी घालावी लागते आणि काटे पायात जातात ते वेगळेच. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी द्यायचं, मग तिनं आणि तिच्या नशिबानं पाहायचं. बुंध्याशी पाणी तुंबलं तरी कुरकुर नाही. आता आत बुलबुलानं घरटं केलंय, त्यामुळं कोणी कात्री घेऊन आलं तर आमची आई आधी त्यालाच कापेल.

नर्सरीत विकत घ्यायची गरज नाही. बोटाएवढी जाड फांदी, दोन डोळे मातीत, दोन वर, पावसाळ्यात लावली की बस. मिरग लागला की या कोणीही, फांद्या फुकट, पिशवी तेवढी घरून आणा. आणि नेल्यावर लगेच हत्ती करायच्या मागं लागू नका.