समुद्राकाठचं घर आणि आम्ही मोजलेलं ऊन

परत आल्यापासून रंकाळ्यावरची माझी सकाळची फेरी लांबायला लागली आहे. कुणी ना कुणी थांबवतंच. "बाई, तीन महिने स्पेनला होतासा म्हणे! समुद्रावर घर घेतलं होतं? भाडं किती पडलं?" पहिला प्रश्न भाड्याचाच. भाडं सांगतेच, पण त्याआधी ऊन सांगावं लागतं. हिवाळ्यात तिकडं घर घ्यायचं तर आधी त्या घरात ऊन किती वेळ येतं ते बघायचं. आम्हाला हे पहिल्या आठवड्यात, पांघरुणात कुडकुडत कळलं.

आमची लेक नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. तिच्याकडं आम्ही आधी एक हिवाळा काढला होता. सूर्य उगवायला पावणेनऊ, मावळायला साडेचार, आणि मधल्या वेळेतही तो ढगाआडच. ह्यांचे गुडघे त्या थंडीत असे धरले की जिन्यावरून उतरताना मी पुढं आणि हे माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं, अशी वरात निघायची. म्हणून या खेपेला लेकीनंच सुचवलं, माझ्याकडं चार दिवस राहा आणि मग स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर घर घेऊन राहा, मीही मध्ये मध्ये येऊन तिथूनच काम करीन. गाव तिनं काढलं ते नेर्खा. मालागापासून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर. उन्हाळ्यात तिथं पर्यटकांची झुंबड असते, हिवाळ्यात घरं रिकामी पडतात, त्यामुळं महिन्याच्या बोलीवर परवडतील अशी मिळतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण इथं चूक झाली तर पुढचं सगळं बोंबलतं. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्यावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही धरायचे. नेदरलँड्समधले दिवसही त्याच ९० मध्ये. मुक्काम जास्त स्पेनमध्ये, म्हणून अर्ज स्पेनकडं केला. फी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आम्ही २ जानेवारीला उतरलो, २७ मार्चला निघालो. म्हणजे ८५ दिवस. पाच दिवस मुद्दाम हातात ठेवले, विमान रद्द झालं किंवा कुणी आजारी पडलं तर धावपळ नको.

सामानात कांदा-लसूण मसाला, पोहे, मेतकूट. तूप मात्र नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दूधदुभतं आणि मांस नेता येत नाही, पेढेसुद्धा त्यात आले. जाताना महाद्वार रोडवर अर्धा किलो पेढे घेऊन ठेवले होते, ते नणंदेच्या घरी देऊन निघालो.

नेर्खाला पोचलो ६ जानेवारीला. तो तिथं तीन राजांचा सण, सुट्टी, दुकानं बंद. पहिल्या रात्री पिशवीतले पोहेच कामी आले.

घर आधी एका आठवड्यापुरतंच घेतलं होतं, हे लेकीचं शहाणपण. फोटोत निळाशार समुद्र, पांढरी भिंत, दोन खुर्च्या. प्रत्यक्षात तो फोटो इमारतीच्या सामाईक गच्चीवरचा. आमची खोली पहिल्या मजल्यावर, अरुंद बोळात, उत्तरेला तोंड करून. बाहेर माणसं पातळ स्वेटरवर फिरत होती आणि घरात मी शाल, त्यावर ह्यांचं जाकीट, असं घालून चहा करत होते. त्या किनाऱ्यावरची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी थंडगार, भिंती पातळ, आणि थंड देशांत प्रत्येक खोलीत असतात तसे गरम पाण्याचे रेडिएटर बहुतेक घरांत नाहीतच. धुतलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट. मिठाच्या डबीत मिठाचा खडा झालेला. कपाटाच्या मागच्या भिंतीवर हात फिरवला तर बोटांना काळसर बुरशी लागली.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. तरी ही गोष्ट तिथं पोचल्यावरच मनात शिरली. डिसेंबरअखेरीला कोल्हापुरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंश वर असतो. नेर्खा आपल्यापेक्षा वीस अंश उत्तरेला, म्हणजे तिथं तो ३० अंशांवरच. एवढ्या खालच्या सूर्यात इमारतीची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब पडते. ती पडते उत्तरेकडं, आणि आमच्या खोलीचं तोंड नेमकं उत्तरेला, आपल्याच इमारतीच्या सावलीत. त्या खोलीला जानेवारीत ऊन लागणं शक्यच नव्हतं. वर्गात किती वेळा मी फळ्यावर हा कोन काढला असेन! पण त्या कोनामुळं माणसाचे गुडघे दुखतात, हे कधी मुलांना सांगितलं नव्हतं.

त्यात वीज. तिथं प्रत्येक घराला ठरावीक किलोवॅटचा करार असतो. आमच्या घराला ३.४५. तेलाचा हीटर दोन किलोवॅट, गिझर दीड. दोन्ही चालू असताना मी शेगडी लावली आणि सगळं घर अंधारात. हे अंघोळीला. मोबाइलच्या उजेडात दाराजवळची पेटी शोधून खटका वर केला, पाच मिनिटांत पुन्हा पडला. त्या रात्रीपासून आमचं ठरलं: गिझर बंद झाल्याशिवाय शेगडी नाही. आणखी एक, बऱ्याच घरांत विजेचा दर वेळेप्रमाणे बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० महाग, रात्री १२ ते ८ आणि शनिवार-रविवार स्वस्त. पुढं आमचं धुणं शनिवारवर गेलं ते यामुळं.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही दुसरं घर शोधायला लागलो. पद्धत साधी. गल्ल्यांतून चालायचं, बाल्कनीवर 'से आल्किला' असा बोर्ड दिसला की नंबर टिपायचा. 'भाड्याने देणे आहे' असा त्याचा अर्थ. फोनवर बोलायचं काम लेकीचं, कारण स्पॅनिश तिला येतं. मी फक्त एक प्रश्न विचारायला लावायची: बैठकीच्या खोलीत ऊन किती ते किती? एका एजंटानं न दाखवताच आगाऊ पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल असं सांगितलं. त्याला तिथंच सोडलं. न बघितलेल्या घरासाठी कुणीही पैसे पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलू दे.

घर बघायची वेळही नीट धरावी लागते. स्पेनचा हा भाग ग्रीनिचच्या पश्चिमेला, पण घड्याळ बर्लिनचं. त्यामुळं जानेवारीत सूर्योदय साडेआठच्या आसपास, आणि सूर्य सगळ्यात वर येतो तो दुपारी सव्वा ते दीडच्या दरम्यान. बारा वाजता बघायला गेलात तर अंदाज चुकतो. आम्ही पसंत पडलेलं घर एकाच दिवशी तीनदा बघितलं, अकराला, दीडला आणि पाचला. समुद्रापासून मागच्या तिसऱ्या रस्त्यावर, दुसरा मजला, दक्षिणेला बाल्कनी. घरमालकीण सत्तरीच्या पुढची. तिसऱ्यांदा आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा ती वैतागली नाही. तिनं माझा हात धरला, आतल्या खोलीत नेला आणि तळवा भिंतीवर टेकवून म्हणाली, "सेका." म्हणजे कोरडी. भिंत खरंच कोरडी होती, आणि उन्हानं कोमट. माझ्या कानाला तो शब्द आपल्या शेकण्यासारखा वाटला आणि घर तिथंच ठरलं. समुद्र बाल्कनीतून बोटभर दिसायचा, दोन गच्च्यांच्या फटीतून. तेवढा पुरला.

आता भाडं. महिना ९५० युरो, म्हणजे आपले लाखाच्या आसपास. वीज वेगळी, मीटरचा आकडा आल्यादिवशी आणि निघताना दोघींनी मिळून बघायचा. करार 'तेंपोरादा'चा, म्हणजे हंगामी. स्पेनच्या १९९४ च्या भाडेकायद्यात कायमचं राहायचं घर आणि हंगामी मुक्कामाचं घर यांत फरक केलेला आहे. कायमच्या घराला एक महिन्याचं डिपॉझिट, हंगामीला दोन. म्हणून आम्ही १,९०० युरो ठेवले. हे आकडे ऐकून घाबरायला होतं, मलाही झालं. पण करारात येण्याजाण्याच्या तारखा, कशासाठी राहतोय ते कारण, आणि सोबत सामानाची यादी होती. पलंग, भांडी, दिवे, पडदे, सगळं लिहिलेलं. मी त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकिणीला पाठवले. बाल्कनीच्या दाराला एक जुना तडा होता, त्याचाही.

त्या घरात एक गोल टेबल होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि खाली पायांजवळ छोटा विजेचा हीटर. आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, हे घरोघर असतं. खुर्चीवर बसायचं, कापड मांडीवर ओढून घ्यायचं, पाय ऊबेत. पूर्वी हीटरच्या जागी निखाऱ्यांची परात असायची. आपल्याकडं शेकोटी अंगणात असते, त्यांनी ती टेबलाखाली आणली. ह्यांचे गुडघे त्या टेबलानं सोडवले असं मी मनापासून म्हणते. दुपारी चारपर्यंत बाल्कनीत ऊन, सूर्य खाली असल्यामुळं ते पार आतल्या भिंतीपर्यंत पोचायचं, आणि मावळल्यावर ते टेबल. फेब्रुवारीत हे काठी न घेता बाल्कोन दे एउरोपापर्यंत चालत जायला लागले. समुद्रात घुसलेला तो कठडा. १८८४ च्या डिसेंबरात त्या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला होता, त्याचा पुतळा तिथं उभा आहे.

पाऊसही पडला. भूमध्य सागरी हवामानात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, हे वाक्य मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल. सलग चार दिवस पाऊस लागला की आपल्याकडच्या आषाढाची आठवण यायची आणि घड्याळात साडेचार तास मिळवून मी नणंदेला फोन लावायची. तिच्याकडं तेव्हा रात्र झालेली असायची, मागं टीव्ही चालू, आणि ती सांगायची गुऱ्हाळं कशी जोरात आहेत.

गुऱ्हाळ चुकल्याची मला खरी हळहळ होती. आणि तिथंच मला ऊस भेटला.

नेर्खाच्या वर सहा-सात किलोमीटरवर फ्रिखिलियाना नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे. बसनं गेलो. तिथं जुन्या वाड्यासारख्या इमारतीत उसाचा 'मध' करतात. मी बाटली उघडून वास घेतला आणि ह्यांच्याकडं बघितलं. काकवी! आपली चक्क काकवी. अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला आणि शतकानुशतकं इथं साखर निघाली. नेर्खाजवळ मारोच्या वाटेवर एकोणिसाव्या शतकातला विटांचा चार मजली पूल आहे, कमानींवर कमानी, तो साखर कारखान्याला पाणी न्यायला बांधलेला. शेजारच्या ग्रानादा किनाऱ्यावरचा उसाचा शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. आता त्या उतारांवर ॲव्होकॅडो आणि आंबा दिसतो. पण खाणावळीत वांग्याचे तळलेले काप येतात आणि त्यावर काकवीची धार. मी तिथं बसून दोन ताटल्या खाल्ल्या. साखरेला ते 'असुकार' म्हणतात, तो शब्द अरबीतून गेलेला आणि मूळ आपली शर्करा. राजर्षी शाहूंच्या शाहूपुरीची गूळपेठ बघत वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

निघायच्या दिवशी घरमालकिणीनं यादी हातात घेऊन सगळं बघितलं. दाराच्या तड्याशी थांबली, मी फोन काढला, तिनं मान हलवली. डिपॉझिट विजेचं बिल वजा करून बाराव्या दिवशी लेकीच्या खात्यावर आलं.

काकवीच्या दोन बाटल्या सामानातून आणल्या. एक नणंदेला दिली. दुसरी घेऊन करवीर तालुक्यातल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गुऱ्हाळावर गेले. हंगाम संपत आला होता, शेवटची काहील उतरायची होती. त्याच्या म्हाताऱ्या गुळव्यानं बाटली उजेडाकडं धरली, तळहातावर थेंब घेतला, चाटला, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"जरा करपट लागतीया," तो म्हणाला. मग बाटलीचं झाकण नीट लावून मला परत देत त्यानं विचारलं, "बाई, तिकडं उसाला ऊन कितीपतूर असतंय?"

मी त्याच्या शेजारी चिपाडाच्या ढिगावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.