विणलेली चौकट

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भाचीबरोबर गेले होते. दिवसभर फिरून पाय भरून आले होते, तेवढ्यात एका दारातून लाल भिंतींची खोली दिसली. वर गिलाव्याचं नक्षीदार छत, भिंतींना लाल रेशमी कापड, त्यावर सोनेरी चौकटीतली लंबगोल चित्रं आणि फुलांच्या माळा.

"मावशी, त्या चौकटी लाकडाच्या नाहीत गं. नीट बघ."

खरंच, लाकूड नव्हतंच. चौकटही विणलेली आणि आतलं चित्रही विणलेलं. फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत छटा बदलत नेल्यात, म्हणून कोरीव काम उठावदार दिसतं. पण मी खिळले ती मागच्या लाल कापडापाशी. एकरंगी नक्षीचं महागडं रेशीम भिंतीला ताणून बसवलंय असं वाटतं, पण तेही त्याच विणीचा भाग. म्हणजे कापडानेच दुसऱ्या कापडाचं सोंग घेतलंय!

ही खोली मूळची इंग्लंडमधल्या क्रूम कोर्ट या वाड्यातली. तिथल्या अर्लने, म्हणजे उमरावाने, भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात मागणी नोंदवली, आणि 1763 ते 1771 या काळात हे पडदे झाले. लंबगोलातली चित्रं फ्रांस्वा बुशे या चित्रकाराची, विणकाम जाक नीलसनच्या मागांवरचं. या आडव्या मागावर विणकरासमोर कापडाची उलटी बाजू असते, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं उतरतं. इतकी नाजूक फुलं त्यांनी पाठीमागून विणली, हे मला अजून पचत नाही.

येवल्यात पैठणी विणताना पाहिलीय, म्हणून जीव जास्त गुंतला असेल. पद्धतीचं मूळ एकच: बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, आणि तो धागा आपल्या रंगापुरताच जाऊन परततो.

रात्री न्यू जर्सीला ताईच्या घरी भाचीने लग्नातली पैठणी मागितली. पदर उलटा केला, तर मोर दोन्हीकडून सारखाच रेखीव. गोबेलँच्या पाठीला मात्र धाग्यांची टोकं लोंबतात. पण त्या बाजूला उजेड लागत नाही, म्हणून जुन्या पडद्यांचे मूळ रंग तिथेच टिकतात.

"मग त्या खोलीचा खरा लाल रंग भिंतीकडे तोंड करून आहे?" तिने विचारलं.

झोपेपर्यंत आम्ही दोघी त्या लाल रंगाबद्दलच बोलत होतो.