रविवारचं मटण आणि आईची मासवडी

मागच्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं दोन किलो मटण आलं होतं. ताई-भावजी निफाडहून आलेले, पोरं सगळी जमलेली, आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, वेगळी कलेजी तव्यावर, आदल्या रात्री पायाचं सूप झालेलं. आणि सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला आप्पांनी हाक मारली, जाऊन बघतो तर उजव्या पायाचा अंगठा टम्म सुजलेला, लालभडक, अंगावरची चादर नुसती घासली तरी कळवळत होते. बहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर द्राक्षाच्या बागेत उभं राहून काम केलेला, त्याला मी असं रडवेलं झालेलं कधी बघितलं नव्हतं.

गाऊट निघाला. युरिक ॲसिड ९.२, पुरुषांना साधारण सातच्या आत पाहिजे. डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं, की मटण, त्यातल्या त्यात कलेजी, वजडी असले आतले भाग, शिवाय सुकट-बोंबील, यात प्युरीन जास्त असतं, शरीरात त्याचं युरिक ॲसिड होतं आणि किडनीला ते पुरेसं बाहेर टाकता आलं नाही की सांध्यात त्याचे बारीक स्फटिक साचतात. मी विचारलं, मग डाळीपण बंद करायच्या का, कारण आमच्या गल्लीतल्या एका काकांनी युरिक ॲसिड वाढलं म्हणून तूर, उडीद, मटकी सगळंच सोडलं होतं आणि निम्मे झाले होते. डॉक्टर म्हणाले नाही, तशी गरज नाही, डाळी-उसळींनी मटणासारखा त्रास होत नाही, त्या खाऊ द्या, पाणी भरपूर प्यायचं आणि गोळी मनानं बंद करायची नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण बरेच जण इथंच चुकतात.

श्रावणाचा महिना तर निघून गेला, घरात तसंही कुणी खात नाही. त्यानंतर गणपती, पितृपक्ष, नवरात्र. खरा प्रश्न दसऱ्यानंतर आला. मी एकदा रात्री भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसलो आणि पेनानं खुणा केल्या, सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार बंद, एकादशी बंद, चतुर्थी बंद, तर लक्षात आलं की आपण स्वतःला पक्के मटणवाले म्हणवतो पण आठवड्यात खरे वार तीनच, बुधवारी चिकन, शुक्रवारी अंडी नाहीतर मासे, आणि रविवारी मटण. म्हणजे बंद करायला काही मोठं नव्हतंच, पण तो एक रविवार आहे ना, तो फार जड होता.

कारण रविवार म्हणजे नुसतं जेवण नाही. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, मी अंबडला कामाला, आठवडाभर शिफ्टमुळं कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. रविवारी सकाळी मिसळ, मग पिशवी घेऊन मी आणि मुलगा मटणाच्या दुकानात रांगेत. आमच्याकडं बोल्हाईचंच चालतं, म्हणजे मेंढीचं, बोकडाचं नाही, देवीचा नेम आहे, नाशकात कितीतरी दुकानांवर ‘बोल्हाई मटण’ अशी पाटी दिसते ती त्यासाठीच. घरी आलं की आई वाटणाला बसणार, बायको भाकरी टाकणार, आणि दीड वाजता सगळे एकत्र खाली मांडी घालून. हे मोडायचं म्हणजे काय करायचं, हाच विचार.

बायकोनं आधी सोयाबीनच्या वड्या आणल्या. पहिल्या वेळी नुसत्या गरम पाण्यातून काढून टाकल्या रस्स्यात, तो कच्चट वास सगळ्या भांड्याला लागला आणि मुलीनं ताट सरकवलं. मग कळलं की मीठ घालून चांगल्या उकळायच्या, गार पाण्यात दोनदा धुवून दोन्ही हातांनी घट्ट पिळायच्या, पाण्याचा फेस जाईपर्यंत, आणि मग दही, आलं-लसूण, हळद लावून अर्धा तास ठेवायच्या. तेव्हा वास गेला. पुढं एकदा कॉलेज रोडवरून ते प्लांट बेस्ड, म्हणजे मांसाऐवजी वनस्पतींपासून केलेल्या, कबाबचं फ्रोजन पाकीट आणलं, आपल्याकडं रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये अशा पदार्थांची कंपनी काढली तेव्हापासून मुलीच्या डोक्यात होतं, आम्हाला मिळालं ते दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं. तळून बरं लागलं, मुलांनी सॉस लावून खाल्लं, पण भाकरीबरोबर कुणी खाईना आणि सहा माणसांना पुरवायचं म्हणलं तर मटणापेक्षा महाग पडत होतं. इंग्लंडात म्हणे १९८५ पासून बुरशीपासून केलेलं क्वॉर्न नावाचं प्रोटीन विकतात आणि लोक ते रोजच्या जेवणात खातात, त्यांच्या जेवणात ते बसत असेल, आमच्या ताटात हे पाकीट बसलं नाही.

कच्च्या फणसाची भाजीपण केली. दिसायला अगदी मटणाच्या रेषा, हाताला तेल लावून चीक सांभाळत बायकोनं तासभर कापला, चव सुंदर झाली, पण एक सांगतो, फणस मटणासारखा दिसतो म्हणून मटणाच्या जागी धरू नका, शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, ती भाजीच आहे, भाजी म्हणूनच खावी.

आणि मग तो रविवार, बहुतेक तिसरा की चौथा. सोयाबीनचा रस्सा होता, या वेळी वड्या नीट पिळलेल्या, मसाला मुरलेला. मी आप्पांच्या ताटाकडं बघत होतो. त्यांनी भाकरी कुस्करली, वरून रस्सा ओतला, कांदा फोडला, लिंबू पिळलं आणि खाली मान घालून खात राहिले, मग वाटी पुढं केली, “रस्सा आण अजून.” दोनदा घेतला. उठले तेव्हा ताटाच्या कडेला सहा वड्या ओळीनं लावून ठेवलेल्या, एकही खाल्लेली नाही, आणि बाकी ताट बोटानं पुसून घेतल्यासारखं लख्ख.

मला तिथं कळलं की आम्ही इतके दिवस चुकीच्या गोष्टीच्या मागं होतो. मटणाच्या तुकड्याला पर्याय शोधत होतो आणि घरातल्या माणसांना पाहिजे होता रस्सा. ते काळं वाटण, ती तर्री, ते भाकरी कुस्करणं. तुकड्याची नक्कल केली की जीभ लगेच ओळखते आणि नाराज होते, पण जे स्वतःच्या चवीनं उभं आहे ते रस्स्यात आलं तर कुणी तक्रार करत नाही.

हे मी आईला बोललो तर आई म्हणाली, “मग मासवडी कर ना, त्यात काय एवढं.”

आईचं माहेर अकोल्याचं, विदर्भातलं नाही, नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. तिकडं, संगमनेरला, जुन्नरकडं मासवडी घरोघर होते. नावात मासा, आकार माशाचा, आणि आत मासा नाही. लग्न होऊन आईला पन्नास वर्षं होत आली आणि मी तिच्या हातची मासवडी मोजून चार-पाच वेळा खाल्ली असेन, कारण आमच्या घरात रविवार मटणाचा, मग एवढा खटाटोप करणार कोण आणि कधी. मला हे ऐकून वाईट वाटलं खरं. तिला येणारी गोष्ट तिच्या हातात तशीच पडून राहिली.

त्या रविवारी मी पूर्ण वेळ तिच्याजवळ उभा होतो. सारण आधी करायचं, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजून, थोडी खसखस, बारीक चिरून खरपूस केलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, काळा मसाला, मीठ, सगळं जाडसर वाटलेलं. मग कढईत फोडणी करून पाणी उकळायचं आणि त्यात बेसन एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं घोटायचं, इथं हात थांबला की गुठळ्या, आई सत्तरीची झाली तरी तिचा हात थांबला नाही. झाकण ठेवून वाफ काढली. ओलं सुती फडकं ताटावर पसरलं, त्यावर तो गरम गोळा, आणि हात पाण्यात बुडवून बुडवून थापायचा, चटका बसतोच, बायको म्हणाली, “आई, मी थापते, तुम्ही बसा,” तर, “तू बघ आधी,” म्हणाली. वर सारण पसरलं, फडक्याची एक बाजू उचलून दुमडली, मग दुसरी, वरनं दाबून कड काढली आणि फडकं सोडलं तेव्हा खरंच पाठीचा कणा वर आलेला मासा समोर होता. सुरीनं तिरक्या वड्या पाडल्या. रस्सा वेगळा, वडी त्यात शिजवायची नाही, ताटात वडी घ्यायची आणि वरून गरम रस्सा.

आप्पांनी कडेला एकही वडी ठेवली नाही.

रस्स्याचं मात्र शिकावं लागलं. मटणाचं तेल आणि हाडाचा अर्क नसला की रस्सा पाणचट होतो, वाटण खाली आणि पाणी वर. आता आम्ही कांदा थेट गॅसच्या आचेवर सालासकट काळा करतो, खोबरं नेहमीपेक्षा जास्त, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ, आणि हरभऱ्याची डाळ शिजवून तिचं पाणी साध्या पाण्याऐवजी घालतो, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळू देतो. मिळून येतो. त्याच रस्स्यात मग कधी पाटवड्या, कधी शेवभाजी, कधी डुबुकवडे, कधी मोड आलेली मटकी, कधी नुसती उकडलेली अंडी. या सगळ्या आपल्या भागातल्याच गोष्टी, आपण त्यांना ‘मटण नसेल त्या दिवशीचं’ जेवण समजून बाजूला टाकलं होतं.

जावयाचा प्रश्न मात्र मोठा झाला. दिवाळीनंतर भावजी येणार होते आणि आईच मागं सरली, “जावयाला बेसन घालू का मी, ताईच्या सासरी काय म्हणतील.” आमच्याकडं पाहुण्याला मटण म्हणजे मान, ते खोटं नाही, मलाही पटत होतं तिचं. शेवटी सकाळीच भावजींना फोन करून खरं सांगितलं, आप्पांचं असं आहे, त्यांच्यासमोर मटण केलं तर ते खाणारच. भावजी म्हणाले, “अहो मग आप्पा जे खातील तेच करा, मी काय परका आहे का?” पाच वड्या खाल्ल्या त्यांनी आणि जाताना आईला, “आई, पुढच्या वेळी हीला शिकवून पाठवा,” असं म्हणाले, आई दिवसभर हरखलेली होती.

आता पोषणाचं, कारण मटण कमी करणारे लोक इथं हलगर्जीपणा करतात असं मला मनापासून वाटतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा हिशोब मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. चिकन शंभर ग्रॅममध्ये वीसच्या वर देतं, ते काढलं तर तेवढं कुठून तरी आलं पाहिजे. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांमध्ये शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास असतं, तेल काढून उरलेल्या सोया पिठापासून त्या करतात म्हणून एवढं, पण एका ताटात कोरड्या वीस-पंचवीस ग्रॅमच जातात हे लक्षात ठेवायचं. शेंगदाणे पंचवीस, मटकी-मूग तेवीस-चोवीस, एका अंड्यात सहा. बेसन-तिळाची मासवडी यात चांगली बसते, मशरूम आणि फणस नाही बसत. डाळीबरोबर भाकरी पाहिजेच, एकात जे कमी ते दुसऱ्यात असतं. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं, लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, तो लोह अडवतो, आप्पांना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

आणि बी-१२ जीवनसत्त्व. ते झाडपाल्यात नाही, मांस, मासे, अंडी, दूध-दही यातच. बायकोला मुंग्या यायच्या हातापायाला, तपासलं तर कमी निघालं, आणि ते आम्ही मटण कमी करायच्या आधीपासूनचं होतं. म्हणून आमच्याकडं अंडी आणि दही बंद नाही आणि तिच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं चालू आहेत. मुलगा कबड्डी खेळतो, पंधरा वर्षांचा, त्याचं बुधवारचं चिकन तसंच ठेवलंय, वाढत्या पोराच्या ताटातलं बापाच्या दुखण्यासाठी काय आजोबांच्या दुखण्यासाठीही काढायचं नाही असं आप्पाच म्हणाले. सॉसेज-सलामी मात्र घरात बंद, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरतं असं स्पष्ट सांगितलंय, त्यावर आमच्यात वाद झाला नाही.

एवढं वाचून कुणी मला ‘शाकाहारी झालात का’ विचारू नये. झालो नाही, व्हायचं नाही, आणि दुसऱ्याच्या ताटात काय आहे यावरून त्याला कमी लेखणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. मटणवाले आमचे वीस वर्षांचे ओळखीचे, मी महिन्यातून एकदाच जायला लागलो तेव्हा त्यांना वाटलं दुकान बदललं, मी आप्पांचं सांगितलं तर ते म्हणाले, “त्यांना कलेजी मी देणारच नाही आता, तुम्ही मागितली तरी.”

महिन्याला सात-आठ किलो मटण-चिकन यायचं घरात, आता तीनच्या आत आहे. आप्पांचं युरिक ॲसिड मागच्या तपासणीत ६.४ आलं, गोळी चालू आहे, म्हणजे श्रेय एकट्या जेवणाचं नाही, पण वर्षभरात अंगठा परत सुजलेला नाही आणि सकाळी ते पेठे नगरपर्यंत चालत जाऊन येतात.

आता परत आखाड लागलाय. यंदा एकच मटण ठरलंय, शेवटच्या रविवारी, दीड किलो, कलेजी नाही. त्याच्या आधी या रविवारी ताई येतीये मासवडी थापायला शिकायला, फडकं घेऊन ये म्हणून आईनं दोनदा फोन केला. आणि बुधवारी आप्पांना हुलग्याचे शेंगोळे पाहिजेत, हुलग्याचं पीठ संपलंय, उद्या सुट्टी झाली की पंचवटीतून आणायचं आहे.