गोळी चुकली नव्हती

निपाणीच्या त्या मावशी विड्या वळतात. रक्ताचा कॅन्सर, सीएमएल. रोज इमॅटिनिबची गोळी आणि दर तीन महिन्यांनी बेळगावात आमच्या लॅबला रक्त. पहिल्या वर्षी बीसीआर-एबीएल, म्हणजे या कॅन्सरला कारण असलेल्या जनुकाचं रक्तातलं प्रमाण, ०.१ टक्क्याच्या खाली उतरलं होतं, म्हणजे हवं तसं. मग ते चढू लागलं. एक टक्का ओलांडला तशी फाईलवर ओळ पडली: ‘गोळ्या नियमित घेत नाही.’

मावशींनी पिशवीतून रिकाम्या पाकिटांचे रबर लावलेले गठ्ठे काढून माझ्यापुढे ठेवले. "म्या एक दिस बी चुकवली न्हाई, बाई. जेवून, तांब्याभर पाणी पिऊन घेतली."

औषध लागू न पडण्याचं नेहमीचं कारण गोळ्या बुडवणं हेच, त्यामुळे विचारायलाच हवं. पण कन्नडमधून घाईत विचारायचं, मराठीतलं उत्तर पुरतं ऐकायचं नाही आणि शेरा मारून मोकळं व्हायचं, याचा मला संताप येतो.

म्युटेशनच्या, म्हणजे औषधाला दाद न देणारा बदल जनुकात झालाय का ते बघायच्या चाचणीसाठी मी सरांच्या मागे लागले. नमुना बेंगळुरूला जातो. तपासायचा असतो आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीतली नक्कल, आणि काढलेल्या रक्तात तो तासागणिक तुटत जातो. ट्यूब जांभळ्या बुचाचीच हवी. हिरवीतलं हेपारिन पीसीआर, म्हणजे तपासणीसाठी जनुकाच्या प्रती वाढवायची क्रिया, बिघडवतं. अलगद उलटीपालटी करायची, घुसळायची नाही. गार ठेवायची, पण गोठवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. शनिवारचा नमुना रविवारभर कुरिअरकडे पडून राहतो, म्हणून मी मावशींना सोमवारीच बोलावलं आणि त्याच रात्रीच्या गाडीनं रक्त रवाना केलं.

रिपोर्ट आला: टी३१५आय. एबीएल जनुकात एकच अक्षर बदललेलं, सीच्या जागी टी. तेवढ्यानं प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येतं. इमॅटिनिबचा थ्रिओनिनशी जुळणारा बंध जातो, शिवाय आयसोल्युसिन आडदांड, त्यामुळे औषधाला आत शिरायला वावच उरत नाही. डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही त्याच जातीची औषधंही इथं निरुपयोगी. बाकीच्या पेशी गोळीनं मरतात, बदललेल्या तेवढ्या तगतात आणि वाढतात. म्हणजे नेमानं गोळी घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

"म्हंजे माझ्याकडनं काय चुकलं न्हवतं न्हवं?" मावशींनी पहिलं हेच विचारलं. उपचाराचं नंतर.

आता या बदलावरही चालणारं पोनॅटिनिब द्यायचं ठरलंय. त्यानं रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून आधी हृदय आणि बीपी तपासायचंय. औषध महाग आहे, मदतीसाठी अर्ज केलाय. दरम्यान तोच शेरा बसलेल्या जुन्या फायली मी काढायला घेतल्या आहेत. त्यातल्या किती जणांची ही चाचणी झालीच नाही, ते मला बघायचंय.