तुम्ही विचारलंत म्हणून : चादरीतलं कॅबिनेट

गिटार वाजवणारं कुणी घरी आलं की कोपऱ्यातल्या गिटारच्या स्पीकरच्या खोक्याकडं, म्हणजे कॅबिनेटकडं, बोट जातं आणि प्रश्न ठरलेला असतो, "हे भंगारातनं का केलं बे? सोलापुरात चांगलं प्लायवूड मिळत नाही होय?" मिळतं की. मलाच नको होतं.

१९५०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आणि त्यांचे अँप्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून जे अँप्लिफायर बाहेर पडले, त्यांच्यासाठी आज लोक लाखो रुपये मोजतात. त्यांची खोकी साध्या पाइनची, वरून सुती कापड चिकटवलेली. पाइन हे काही राजेशाही लाकूड नव्हे. हलकं, मऊ आणि तिकडं सहज मिळणारं. म्हणजे तसला आवाज पाहिजे तर सागवान शोधत बसायचं कारणच नाही.

आपल्याकडं पाइन कुठून येतं? बाहेरच्या देशातून मशिनरी येते त्या पेट्यांतून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचे कारखाने आहेत. मशीन बसलं की पेटी भंगारात, नाहीतर कुणाच्या तरी चुलीत. फळी उचलण्याआधी तिच्यावरचा शिक्का बघायचा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं. शेजारी 'एचटी' असेल तर कीड मारायला लाकूड तापवलेलं आहे, खुशाल घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. फुकट दिली तरी त्या फळीला रंधा लावू नका. खिळे उपटून झाले तरी एखादा आत तुटून राहतोच आणि रंध्याच्या पात्याला दात पाडतो. म्हणून फळीवरून आधी लोहचुंबक फिरवतो, तोही जळलेल्या स्पीकरचाच.

घरातल्या म्युझिक सिस्टिमचं खोकं थरथरता कामा नये, जे आत गेलं तेच बाहेर यायला हवं. गिटारचं उलटं. वीणेचा भोपळा जसा वाद्याचाच भाग, तसं हे खोकं. माझं २० इंच रुंद, १८ उंच, १० खोल, पाऊण इंची फळ्यांचं, कोपऱ्यांना फिंगर जॉइंट, म्हणजे बोटांत बोटं गुंफल्यासारखे सांधे. स्पीकर बसतो ती पुढची पाटी मात्र पातळ प्लायची, आणि ती चारी बाजूंनी फेविकॉलनं जखडलेली नाही. वर-खाली पट्ट्यांना फक्त स्क्रू. जोरात कॉर्ड मारली की हाताला पाटी थरथरलेली कळते.

मागची बाजू अर्धी उघडी. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या उलट्या फेजचा असतो, म्हणजे पुढून हवा ढकलली जाते तेव्हा मागून ओढली जाते, दोन्ही भेटले की खालचे सूर एकमेकांना खातात. खर्ज कमी होतो, पण मधले सूर मोकळे होतात आणि आवाज खोलीभर पसरतो. ज्यांना छातीवर आदळणारा बेस पाहिजे त्यांनी पाठ बंद करावी. मला नाही आवडत.

स्पीकर १२ इंची, एका जुन्या माइकवाल्याच्या अडगळीतला. कोन, म्हणजे थरथरणारा कागदी पडदा, फाटलेला होता, पण चेसिस (धातूचा सांगाडा) आणि मॅग्नेट शाबूत. दुरुस्तीवाल्याकडून नवा कोन बसवून घेतला आणि दोनच गोष्टी बजावल्या : कागद हलका पाहिजे, आणि कडही कागदाचीच, रबराची नको. गिटारच्या स्पीकरचा आवाज पाच हजार हर्ट्झच्या पुढं झपाट्यानं उतरतो, हा दोष नाही, गरज आहे. ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) लावून बघा, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, माशी घोंगावल्यासारखं कानात शिरतं. गाडीतला सबवूफर तर आणूच नका.

आता चादर. खोक्याला सोलापुरी चादर चढवली आहे हे बघून पाहुणे हसतात. हसू देत. फेंडरचंही कापड सुतीच होतं. जेकार्डची चादर जाड असते, कोपऱ्यावर दुमडली की फुगते, म्हणून दुमडीतला आतला थर कापून टाकला आणि वरून लाखेचं पॉलिश मारलं. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करायचं, दुपारी चादर ताणून बसवेपर्यंत फेविकॉल वाळलेला असतो.

समोर मात्र चादर चालत नाही. तिथं विरळ विणीचं हातमागाचं सुती कापड लावलं. दुकानात पारख करायची सोपी : कापड तोंडाला लावून फुंकायचं. पलीकडं धरलेल्या तळहाताला वारा लागला पाहिजे. टॉवेल या परीक्षेत नापास होतो. दुकानदार वेड्यात काढतो, पण कापड देतो.

आणि वायरचं विचारायला विसरता सगळे. अँपपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची शिल्डेड (आत तारांची जाळी असलेली) केबल नको, साधी जाड दोन तारांची वायर. स्पीकर आठ ओहमचा असेल तर मीटरवर साधारण सहा दिसतं, घाबरू नका. अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. तो भंगारात मिळत नाही.