पहिलं मशीन, नोंद ३ : बोर्ड ठरला आणि सुरूही झाला

मी स्वतः जोडत असलेल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या मागच्या नोंदीत प्रोसेसरपाशी थांबले होते; आता मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो बोर्ड. एएमडीचा रायझन ५ ५६००जी पक्का केला, कारण त्यात ग्राफिक्स इनबिल्ट आहे, ग्राफिक्स कार्ड सध्या घ्यायचं नाही आणि दादाच्या जुन्या मशीनमधल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या हातात आहेत. त्या पट्ट्यांमुळे एएमडीचं नवं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) एएम५ लगेच बाद झालं, तिथे फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी डीडीआर४चे बोर्ड असतात, पण त्यावरच्या आय५-१२४०० मधलं इनबिल्ट ग्राफिक्स ५६००जीपेक्षा बरंच कमकुवत आहे. (एलजीए१७०० घेणाऱ्यांनी खोक्यावरचं नाव नीट वाचा. काही बोर्ड डीडीआर४चे असतात, काही डीडीआर५चे, आणि खाच वेगळी असल्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.) ५६००जीचं एएम४ सॉकेट २०१६ पासून चालत आलंय आणि प्रोसेसरची नवी पिढी आता त्यावर येणार नाही. मला ते चालण्यासारखं आहे.

मग उरला बोर्ड. यात दोन आठवडे गेले.

पहिला आठवडा

सुरुवातीला मी सगळे तक्ते उघडून बसले आणि गोंधळून गेले. मग एक वही घेतली आणि या बोर्डाला मी नक्की काय काय जोडणार, तेवढंच लिहून काढलं. कीबोर्ड, माउस, हेडफोन, वेबकॅम, प्रिंटर, एक पेनड्राइव्ह. एक एम.२ ड्राइव्ह (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी), एक जुनी साटा हार्डडिस्क (केबलने जोडायची). कॅबिनेटचे दोन पंखे. लॅनची केबल टेबलापर्यंत आलेली आहे, म्हणजे वाय-फाय नको. यादी हातात आल्यावर निम्मे बोर्ड आपोआप गळाले, वरच्या दर्जाचेही आणि अगदी खालचेही. वाय-फाय, दिव्यांच्या माळा, तीन एम.२ स्लॉट यांचे पैसे मला भरायचे नव्हते. मागे चारच यूएसबी पोर्ट असलेला बोर्डही नको होता.

आकार मायक्रो-एटीएक्स, २४४ गुणिले २४४ मिलिमीटर. पूर्ण एटीएक्सच्या कॅबिनेटमध्येही हा बसतो. मात्र एक गोष्ट बोर्डाचा फोटो मोठा करून पाहिल्यावरच कळते. छोटा पीसीआयई एक्स१ स्लॉट (कार्ड लावायची खाच) पुष्कळदा मुख्य स्लॉटच्या लगेच खाली असतो, आणि दोन स्लॉटची जाडी असलेलं ग्राफिक्स कार्ड लावलं की तो झाकला जातो. पुढे वाय-फाय कार्ड घालायचा विचार असेल, तर हे आधी बघा.

ए५२० की बी५५०

हे बोर्डावरचे दोन चिपसेट; बोर्डाला काय काय जमेल हे त्यांच्यावर ठरतं. खरी रस्सीखेच इथे झाली. ए५२० स्वस्त. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, पण रॅमचा एक्सएमपी (पट्टीचा पूर्ण वेग चालू करणारी सेटिंग) चालतो आणि मला तेवढंच हवं होतं. बी५५० ची मोठी जाहिरात पीसीआयई ४.० ची, म्हणजे कार्डाच्या स्लॉटच्या जास्त वेगवान आवृत्तीची असते. पण ५६००जी स्वतःच पीसीआयई ३.० वर थांबतो, त्यामुळे महागडा बोर्ड घेतला तरी ४.० आज मिळणारच नाही. इथवर ए५२० जिंकत होता.

मग मी पुढे घ्यायच्या ग्राफिक्स कार्डांकडे पाहिलं आणि मत बदललं. आपल्या आवाक्यातल्या कार्डांना सगळ्या सोळा लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) नसतात. आरएक्स ६६०० ला आठ आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार. पीसीआयई ३.० वर प्रत्येक लेनचा वेग ४.० च्या निम्मा, म्हणजे चार लेनच्या कार्डाची वाट तिथे फारच अरुंद होते. त्यात त्या कार्डावर मेमरी ४ जीबीच आहे. ती भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि खेळ अडखळतो. ए५२० घेतला, तर उद्या प्रोसेसर बदलून साधा, ४.० चालणारा ५६०० (‘जी’ नसलेला) लावला तरी मुख्य स्लॉट ३.० च राहणार. बी५५० वर तोच बदल केला की ४.० मोकळा होतो. म्हणजे जास्तीचे पैसे आजसाठी नाहीत, दोन वर्षांनंतरच्या कार्डासाठी आहेत. कार्ड कधीच घेणार नसाल, तर ए५२० घ्या आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवा. हे मी मनापासून सांगते.

व्हीआरएमबद्दल थोडं. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरसाठी साधारण सव्वा व्होल्टपर्यंत खाली आणायचं काम हा भाग करतो. ५६००जी वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी मूळ सेटिंगमध्ये तो ८८ वॅटपर्यंत जातो. म्हणजे सुमारे सत्तर अँपिअर करंट, आणि तो इतक्या लहानशा भागातून. तरीही आजच्या कुठल्याही बऱ्या बोर्डाला हे जमतं. खोक्यावरचे फेजचे (व्हीआरएमच्या तुकड्यांचे) आकडे मोजत बसण्यापेक्षा मॉस्फेटवर, म्हणजे त्यातल्या तापणाऱ्या चिपांवर, हीटसिंक आहे की नाही एवढं मी पाहिलं. १०५ वॅटचा प्रोसेसर नंतर लावायचा झाला, तर तो १४२ वॅटपर्यंत जातो. त्यावेळी ते हीटसिंक कामी येईल.

एक वापरलेला बोर्डही बघून आले. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे बोर्डाच्या सॉकेटमधली पिन वाकण्याची भीती नसते. एलजीए१७०० मध्ये उलट, तिथे पिना बोर्डावर असतात आणि जुना बोर्ड घेताना टॉर्च मारून एकेक ओळ तपासावी लागते. मी पाहिलेल्या बोर्डाची मागची पत्र्याची पट्टी, म्हणजे आय/ओ शील्ड, हरवलेली होती आणि रॅमच्या एका स्लॉटची कडी तुटलेली होती. सोडून दिला.

शेवटी घेतला तो बी५५० मायक्रो-एटीएक्स. रॅमचे चार स्लॉट, एम.२ चे दोन, साटाचे चार, मागे सहा यूएसबी पोर्ट, पंख्यांचे तीन हेडर (केबल जोडायच्या पिना). कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी-सी पोर्टसाठी हेडर नाही, तो पोर्ट रिकामा राहील. आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे, म्हणजे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून नवं करता येतं. दोन बोर्ड अगदी सारखे वाटत होते, तेव्हा मी या बटणावर निर्णय घेतला.

शनिवार

आणि पहिल्याच दिवशी त्या बटणाची गरज पडली. बी५५० बाजारात आला २०२० च्या जूनमध्ये, ५६००जी त्यानंतर वर्षभराने. जुन्या साठ्यातल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. काही खोक्यांवर रायझन ५००० चालतो असा स्टिकर असतो, माझ्या खोक्यावर नव्हता. बोर्डावरचा बायोसचा क्रमांक उत्पादकाच्या प्रोसेसर यादीशी ताडून पाहिला, तर खरंच जुना निघाला.

म्हणून प्रोसेसर न बसवता, बोर्ड खोक्यावरच ठेवून, एसएमपीएसच्या २४ पिनी आणि ८ पिनी दोन्ही केबली जोडल्या. बायोसची फाइल झिपमधून काढली, पुस्तिकेत दिलेलं नाव तंतोतंत दिलं, पेनड्राइव्ह खुणेच्या पोर्टमध्ये लावला आणि बटण दाबलं. दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि तसाच जळत राहिला. पुस्तिकेप्रमाणे याचा अर्थ फाइल सापडली नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा होता, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट झालेला. १६ जीबीचा जुना पेनड्राइव्ह शोधून फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी दिवा लयीत लुकलुकू लागला. ती सहा-सात मिनिटं मी कशालाच हात लावला नाही, कारण मध्येच वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग दिवा विझला. हे बटण नसतं, तर जुना प्रोसेसर कुणाकडून तरी उसना मागावा लागला असता.

रविवार

प्रोसेसर, कूलर, रॅम बसवली. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. इनबिल्ट ग्राफिक्स मेन मेमरीच वापरतं, म्हणून इथे ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन पट्ट्या एकाच वेळी वापरण्याला, फार महत्त्व आहे. ३२०० च्या एका पट्टीवर सेकंदाला २५.६ जीबी, दोहोंवर ५१.२. चालू केलं तर स्क्रीन काळी आणि बोर्डावर डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा लाल. पट्टी काढून पाहिली, एका बाजूची कडी पूर्ण लागलेली नव्हती. जरा जोर लावून दाबली, टक् असा आवाज आला आणि बायोसची स्क्रीन उजळली. प्रोसेसरचं नाव बरोबर, मेमरी १६ जीबी, वेग मात्र २४००. एक्सएमपी चालू केल्यावर ३२०० दिसले.

रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ चालू ठेवलं. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य.

एम.२ ड्राइव्ह उद्या येतोय. तो वरच्या स्लॉटमध्ये जाईल, कारण तो थेट प्रोसेसरला जोडलेला आहे. खालचा स्लॉट भरला तर माझ्या बोर्डावर साटाचे दोन पोर्ट बंद पडतात, आणि दादाची अजून एक हार्डडिस्क मला लावायची आहे.